अठरा पानांचा भूतकाळ आणि औषधाची शेवटची बाटली

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघं मित्र मिळून एक छोटा फॅन्टसी आरपीजी, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो तसला व्हिडिओ गेम, बनवताय, मराठीतून. नायिका वैदू आहे, मुळ्या-पाल्याची औषधं करत गावोगाव फिरते. तिच्याबरोबर रायाजी नावाचा एक उतारवयाचा माजी सैनिक आहे. त्यानं तरुणपणी राजाच्या हुकमावरून एक खेडं जाळलंय. या रायाजीचा अठरा पानांचा भूतकाळ तुम्ही लिहून काढलात आणि गेमची थीम 'क्षमा' अशी ठरवलीत. आता प्लेटेस्टला, म्हणजे गेम पुरा होण्याआधी खेळून बघायला, येणारे लोक रायाजीचे संवाद भराभर स्किप करतात, आणि खेळून झाल्यावर कित्येकांना त्याचं नावसुद्धा आठवत नाही. लेखन कमी पडतंय की मांडणी, आणि थीम आधी ठरवायची की पात्रं, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं गेमसाठी लिहितेय. त्यातली पहिली दोन टेस्टिंगमध्ये गेली आणि ती मला अजून उपयोगी पडतात. तुम्ही नमुना म्हणून दिलेलं पान वाचलं. भाषा चांगली आहे. जळत्या गोठ्यातली दावणीला बांधलेली गुरं तर अंगावर काटा आणतात. तेव्हा लेखन कमी पडतंय असं मी म्हणणार नाही. अडचण इतकीच आहे की रायाजी खेळाडूकडे काही मागतच नाही. तो सांगतो, सांगतो आणि सांगत राहतो. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका आरपीजीवर काम करत होते. तो पुढे बाजारात आलाच नाही. त्यात खेचरावर मीठ लादून फिरणारा एक म्हातारा व्यापारी पार्टीसोबत, म्हणजे नायकाच्या सोबत्यांच्या गटात, असायचा. त्याचा मुलगा कसा गेला, हे सांगणारा चार मिनिटांचा संवाद मी तीन आठवडे घासूनपुसून लिहिला होता. प्लेटेस्टला एक कॉलेजची मुलगी आली. मी तिच्या मागे वही घेऊन बसले. माझा संवाद सुरू झाला आणि तिचा अंगठा बटणावर पडायला लागला. टक, टक, टक. चार मिनिटांचा संवाद वीस सेकंदांत संपला. पुढच्या मुक्कामाला आमच्या लेव्हल डिझायनरनं (गेममधली ठिकाणं रचणाऱ्यानं), माझं लेखन येईपर्यंत जागा भरायची म्हणून, एक तात्पुरता प्रसंग टाकला होता: खेचर आजारी पडतं आणि म्हातारा औषधाची बाटली मागतो. दोनच वाक्यं. त्या मुलीकडे एकच बाटली उरली होती. अंगठा थांबला. तिनं इन्व्हेंटरी (पात्राची सामानाची पिशवी) उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मागे वळून मला म्हणाली, "हे खेचर खरंच मरतं का हो?" मी काही बोलले नाही. तिनं बाटली दिली. त्यानंतर दीड तास म्हातारा जे जे बोलला ते तिनं अक्षर न अक्षर वाचलं.

माझं लेखन तिला आवडलं नाही असं तिथे झालंच नव्हतं, कारण तिनं ते वाचलंच नव्हतं. तोवर म्हातारा तिच्या लेखी कुणीच नव्हता. त्यानं तिच्या पिशवीला हात घातला तेव्हा तो माणूस झाला. आरपीजी खेळणाऱ्याजवळ मोजक्याच गोष्टी असतात: पिशवीतलं सामान, वेळ, वाट, पार्टीतल्या जागा आणि जपून वाढवलेली ताकद. यापैकी कशाला तरी पात्रानं धक्का लावला की खेळाडू मान वर करून त्याच्याकडे बघतो. आधी मागणं, मग गोष्ट. तुमचा क्रम उलटा पडलाय.

आता गाजलेल्या गेममधून हे दाखवते. पुढे काही गेमचे महत्त्वाचे वळणबिंदू उघड होतील, तेव्हा ज्यांना ते खेळायचे आहेत त्यांनी जपून वाचावं.

स्क्वेअर कंपनीनं १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलसाठी काढलेला 'फायनल फॅन्टसी सिक्स' घ्या. मध्यावर जगाचा विध्वंस होतो आणि सेलेस ही पूर्वीची सेनानी वर्षभरानं एका ओसाड बेटावर शुद्धीवर येते. सोबतीला फक्त सिड, तिच्या आजोबांच्या जागी असलेला म्हातारा, आणि तोही आजारी. खेळाडूला काम एकच: किनाऱ्यावर जायचं, मासे धरायचे, त्याला आणून भरवायचे. काही मासे चपळ असतात, काही मंद. मंद मासा पटकन हाती लागतो, पण तो खाऊन सिडची तब्येत आणखी खालावते. हे गेम कुठेच सांगत नाही. घाईघाईनं मिळेल तो मासा उचलून नेणाऱ्याचा सिड मरतो, आणि मग सेलेस कड्यावरून स्वतःला झोकून देते. ती वाचते, गोष्ट पुढे सरकते. पण आपण म्हाताऱ्याला काय खायला घातलं हे नंतर ज्याच्या लक्षात येतं, त्याला तो किनारा विसरता येत नाही. सिड वाचू शकतो हेच कित्येकांना फार उशिरा कळतं. जगाचा अंत झाल्यावर कुणासाठी तरी जगत राहणं, हा त्या गेमच्या दुसऱ्या निम्म्या भागाचा विषय, आणि तो मासेमारीत सांगितलाय. संवाद अगदी थोडे आहेत.

याहून खोल उदाहरण 'प्लेनस्केप: टॉरमेंट'चं. ब्लॅक आयल स्टुडिओजचा हा गेम १९९९ च्या डिसेंबरात आला. ख्रिस अव्हेलोन त्याचा मुख्य डिझायनर. नायक अनामिक आहे, सिगिल शहराच्या शवागारात जागा होतो, त्याला मरण नाही आणि मागचं काही आठवत नाही. तो मेला तरी गेम संपत नाही, तो पुन्हा उठतो. आपण वर्षानुवर्षं ज्या सोयीला गृहीत धरलं, मेलो तर पुन्हा सुरू करू, तीच सोय इथे कथेचा शाप आहे: तो मरतो तेव्हा त्याच्या वाटचं मरण दुसऱ्या कुणाला तरी येतं. थीम म्हणजे काय असं मला कुणी विचारलं की मी हे उदाहरण देते. खेळाचा नियम आणि कथेचा गाभा तिथे एकच आहे, दोहोंत सांधा सापडत नाही.

पण मला बोलायचंय ते डाकॉनबद्दल. हा वृद्ध योद्धा पार्टीत येतो, मितभाषी, मनाच्या स्थितीप्रमाणे त्याच्या तलवारीचा आकार बदलतो. त्याच्याजवळ एकमेकांत अडकलेल्या कड्यांचं एक दगडी चक्र असतं; त्यात झेर्थिमॉन या त्याच्या लोकांच्या मुक्तिदात्याची शिकवण कोरलेली आहे. खेळाडू एकेक कडं उघडतो, त्यातली कथा वाचतो, डाकॉनशी तिच्या अर्थाबद्दल बोलतो. प्रत्येक वेळी अनुभवाचे गुण मिळतात, नवे मंत्र मिळतात. खेळाडूला वाटतं, वा, चांगला गुरू भेटला. मग हळूहळू उलगडतं: श्रद्धा डळमळल्यामुळे उद्ध्वस्त झालेल्या या माणसाला हे चक्र नायकाच्याच एका पूर्वावतारानं दिलं होतं, केवळ त्याला स्वतःशी बांधून घेण्यासाठी. बदल्यात डाकॉननं वचन दिलं, की तुझं मरण येईपर्यंत मी तुझी सेवा करीन. आणि नायकाला तर मरण नाही! स्वातंत्र्यालाच धर्म मानणारा माणूस एका वचनापायी जन्माचा गुलाम झालाय, आणि खेळाडूनं मिळवलेले ते सगळे मंत्र त्या गुलामीतून आलेत. मी हा गेम पहिल्यांदा खेळले तेव्हा इथे थांबून कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या ताकदीचे आकडे दाखवणारं पान, उघडली होती. तिथे दिसणारा एकेक आकडा मला आता घ्यावासा वाटत नव्हता. पण परत देण्याचं बटण नव्हतं.

त्याच गेममध्ये रेव्हेल ही चेटकीण विचारते, माणसाचा स्वभाव कशानं बदलू शकतो? हा प्रश्न पुष्कळांना पाठ असतो आणि ते म्हणतात, बघा, किती सुंदर थीम. पण तो प्रश्न तिथे जड होतो तो डाकॉनमुळे, आणि नायकाच्या पूर्वावतारानं जिच्या प्रेमाचा वापर करून जिला मरणाच्या दारात नेलं त्या डिओनारामुळे. त्यांच्यासमोर उभं राहून 'मी आता तो उरलो नाही' असं म्हणायची पाळी खेळाडूवर आधीच येऊन गेलेली असते. रेव्हेल फक्त ते शब्दांत मांडते.

अलीकडचा, तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळलेला गेम म्हणजे 'बाल्डर्स गेट थ्री', बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा, ऑगस्ट २०२३. त्यातल्या अ‍ॅस्टारियनबद्दल लोक भरभरून लिहितात, नील न्यूबॉनला त्या भूमिकेसाठी त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिकही मिळालं, आणि ते रास्तच आहे. पण लेखकानं त्यातला एक छोटा प्रसंग दहा वेळा खेळावा. अ‍ॅस्टारियन हा व्हॅम्पायरचा अंकित. कॅझाडोर या धन्यानं दोनशे वर्षं त्याला लोकांना भुलवून आणण्यासाठी वापरलं. त्याचं शरीर त्याच्या मालकीचं नव्हतंच. मूनराइझ टॉवर्समध्ये अराज ओब्लोड्रा नावाची एक रक्तविद्या करणारी बाई भेटते. तिची इच्छा असते की अ‍ॅस्टारियननं तिला चावावं. बदल्यात ती एक रसायन देऊ करते, ज्यानं एका पात्राची ताकद कायमची दोननं वाढते. अ‍ॅस्टारियनला ते नको असतं. तिच्या रक्तात काहीतरी वावगं आहे असं तो म्हणतो आणि मग तुमच्याकडे बघतो.

ज्यानं असे गेम खेळले आहेत त्याला कायमची दोन ताकद म्हणजे काय हे ठाऊक आहे. मोह खरा आहे. आणि तुम्ही आग्रह केलात तर तो ऐकतो, कारण ऐकण्याची त्याला सवय आहे. त्या क्षणी तुम्ही कॅझाडोरच्या जागी उभे असता, हातात रसायनाची बाटली. नाही म्हणालात तर तो नंतर कॅम्पमध्ये येऊन आभार मानतो, आणि ते बोलणं त्या गेममधल्या सगळ्यात साध्या, सगळ्यात खऱ्या संवादांपैकी आहे. रसायन खोटं असतं, नुसतंच 'तिला नाही म्हणायचं का?' असा चांगुलपणाचा पेपर असता, तर कुणालाही पूर्ण गुण मिळाले असते आणि काहीच घडलं नसतं.

तिथली थीमही बघा कशी विणलीय. सोबती घ्या: शॅडोहार्ट शार देवीची भक्त, लेझेल राणी व्लाकिथची, गेल मिस्ट्रा देवीच्या मर्जीतून उतरलेला, विल नरकातल्या मिझोराशी करारानं बांधलेला, कार्लाकच्या छातीत हृदयाऐवजी नरकातलं यंत्र. प्रत्येकाच्या मानेवर कुणाचा तरी हात आहे. आणि खेळाडूच्या डोक्यात एक अळी आहे, जी म्हणते, मला वापर, तुला ताकद देते. 'माझं मन माझं आहे का?' हा एकच प्रश्न गेम सहा-सात तोंडांनी विचारतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. शॅडोहार्टच्या कसोटीच्या वेळी, तिचा तुमच्यावर पुरेसा विश्वास असेल, तर तिला तिचा निर्णय घेऊ देणं, मध्ये न बोलणं, हाही एक पर्याय आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात चांगला लिहिलेला पर्याय आहे. एक तक्रार मात्र आहे: पडद्याच्या कोपऱ्यात 'अमुकला हे आवडलं, तमुकला आवडलं नाही' अशी पाटी येते. ती पाटी दिसली की नातं दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं होतं, लोक माणसाशी बोलायचं सोडून आकड्याशी बोलतात. तुमच्या गेममध्ये हा आकडा ठेवायचाच असेल तर लपवून ठेवा.

आता तुमच्या 'क्षमा'कडे येते. क्षमा हा विषय झाला. थीम व्हायला त्याला प्रश्नाचं टोक लागतं, आणि त्या प्रश्नाला तुमच्या स्वतःकडेही तयार उत्तर नसावं लागतं. तुम्ही दिलेल्या आराखड्यात शेवटी नायिकेसमोर दोन पर्याय येतात: रायाजीला क्षमा कर, किंवा करू नको. इथे मी वाचता वाचता थबकले. नायिकेचं काय जळालंय? काहीच नाही. मग ती कोण क्षमा करणारी? आरपीजीमध्ये ही चूक फार जुनी आहे. ज्यांचं नुकसान झालं ते कोपऱ्यात उभे राहतात आणि खेळाडू त्यांच्या वतीनं दयेचं बटण दाबतो. पण बघा, तुमचा प्रश्न तिथेच दडलेला आहे: ज्याचं काही गेलं नाही, त्याला क्षमा करायचा अधिकार आहे का?

बायोवेअरच्या 'ड्रॅगन एज: ऑरिजिन्स'नं (२००९) याला थेट हात घातला होता. लोगेन हा सेनापती रणांगणावर राजाला सोडून निघून जातो. त्यात अ‍ॅलिस्टरला, म्हणजे खेळाडूच्या एका सोबत्याला, वडिलांसारखा असलेला डंकन मारला जातो. शेवटाकडे खेळाडू लोगेनला जीवदान देऊन आपल्याच पथकात घेऊ शकतो. त्यामागची कारणं समंजस आहेत, युद्ध जिंकायला माणसं हवीत. पण अ‍ॅलिस्टर ते मान्य करत नाही. अख्खा गेमभर शेजारी लढलेला, कॅम्पमध्ये हसवणारा हा मित्र पार्टी सोडून जातो. त्याला मनवायचा पर्याय नाही. मला तो निर्णय फार धाडसी वाटतो. खेळाडूनं क्षमा केली, पण ती करायचा हक्क ज्याचा होता त्यानं केली नाही, आणि त्याची किंमत पार्टीतली एक रिकामी जागा.

आणि 'द विचर थ्री' (सीडी प्रोजेक्ट रेड, मे २०१५) मधला ब्लडी बॅरन. रायाजी लिहायच्या आधी तुम्ही तिघांनी एकत्र बसून हे प्रकरण पुन्हा खेळा. नायक गेराल्ट आपल्या मुलीसारख्या सिरीला शोधतोय. बॅरनकडे तिची खबर आहे, पण तो म्हणतो, आधी माझी हरवलेली बायको आणि मुलगी शोधून दे. इथेही मागणं आधी आलं, बघा. तो सिरीबद्दल मायेनं बोलतो, तिला त्यानं आसरा दिलेला असतो, आपल्याला माणूस आवडायला लागतो. मग त्याच्याच घरात मारामारीच्या खुणा सापडतात. तो दारू पिऊन बायकोला मारत असे. त्यातच तिचा गर्भ गेला, आणि तो कसाबसा पुरला गेल्यामुळे आता पिशाच्च होऊन उठलाय. एक वाट अशी आहे की बॅरननं त्या पिशाच्चाला स्वतःच्या हातांवर घेऊन रात्री घरापर्यंत चालत जायचं, त्याला नाव द्यायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. खेळाडूला काय काम? शेजारून चालायचं. ते अर्भक वळवळायला लागलं की मंत्रानं शांत करायचं, वाटेत येणाऱ्या भुतांना अडवायचं. बायकोला मारणाऱ्या माणसाची राखण करत आपण चाललोय, हे पायांना कळत असतं. इथे गेराल्टला क्षमेचा पर्याय दिलेलाच नाही. तो हक्क बायकोचा आणि मुलीचा, म्हणजे अ‍ॅनाचा आणि तमाराचा आहे, आणि तमारा बापाला झटकन माफ करत नाही.

या प्रकरणाचं खरं मोल मात्र पुढे कळतं. बॅरन हा वाईट बाप, सिरीचा जन्मदाता सम्राट एम्हिर हा हुकूम सोडणारा बाप, आणि गेराल्ट तुम्ही. शेवटी सिरीचं काय होणार हे ठरतं ते तुम्ही तिच्याशी कसे वागलात यावरून: ती खचलेली असताना तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळलात की 'सगळ्यातच निपुण असायला हवं असं नाही' म्हणत बसवून ठेवलंत, चेटकिणींच्या सभेत तिला एकटीला जाऊ दिलंत की मागोमाग गेलात. त्या क्षणी गेम काहीच सांगत नाही की हे मोजलं जातंय. थीम आधी की पात्र आधी, याचं माझ्यापुरतं उत्तर यात आहे. मी एक पात्र लिहिते, त्याचं मागणं शोधते, त्या मागण्यातून कोणता प्रश्न बाहेर येतो ते बघते, आणि मग तोच प्रश्न दुसऱ्या दोघा-तिघांच्या आयुष्यात वेगळ्या कोनातून पेरते. बॅरन एकटा असता तर ती एक चांगली साइड क्वेस्ट, मुख्य कथेबाहेरची मोहीम, झाली असती.

तुमची टीम तिघांची, तेव्हा पात्रं कमी ठेवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. तो आरपीजी नाही, अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे, पण राजीला तिचा धाकटा भाऊ गोलू शोधायचाय आणि दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे बघत बोलतायत, एवढ्यावर तो उभा आहे. छोट्या टीमला हे प्रमाण झेपतं.

आता रायाजी. अठरा पानं फेकू नका, पण गेममध्येही घालू नका. ती तुमच्या उशाशी राहू द्या. त्यातून मी एकच गोष्ट उचलीन: हा माणूस आग पेटवत नाही. मुक्कामाला चूल पेटवायची वेळ आली की तो लाकडं आणतो, पाणी आणतो, चकमक मात्र हातात घेत नाही. इतर कुठल्याही पात्राला कॅम्पवर ठेवलं तर जेवण आपोआप शिजतं. रायाजी एकटा असेल तर खेळाडूला स्वतः चूल पेटवावी लागते, नाहीतर पार्टी कोरडं खाऊन झोपते आणि सकाळी ताकद पुरती भरत नाही. कारण सांगू नका. पहिले दोन मुक्काम खेळाडू वैतागेल, तिसऱ्या मुक्कामाला विचारेल. त्यानं विचारलं तरच संवाद उघडा, आणि तोही पहिल्या वेळी अर्धाच.

मग त्या जळलेल्या गावातली वाचलेली एखादी बाई आणा. नायिका वैदू आहे, तिच्याकडे लोक औषधालाच येणार. बाईच्या हातावर जुन्या भाजल्याचे व्रण, ते अजून ओढतात, ठणकतात. ती म्हणते, औषध करायला माझ्या घरी या, पण तो माणूस माझ्या अंगणात येता कामा नये. रायाजी बाहेर राहिला तर आत नायिका एकटी, आणि त्या गावात धोका आहे हे खेळाडूला माहीत आहे. हे मागणं बाईचं आहे, रायाजीचं नाही, म्हणून मला ते जास्त आवडतं. पडसाद फार लांबवर नेऊ नका. एका निर्णयाचे तीन ठिकाणी नेमके पडसाद उमटले, तर दहा ठिकाणच्या अर्धवट उल्लेखांपेक्षा ते जास्त जाणवतात, आणि तिघांच्या टीमला तेवढेच फ्लॅग (खेळाडूचे निर्णय लक्षात ठेवणाऱ्या गेममधल्या खुणा) सांभाळता येतात.

गेम मराठीतून आहे, हे तुमचं मोठं भांडवल आहे आणि तुम्ही ते वापरलेलं दिसत नाही. तुमच्या सगळ्या पात्रांचं बोलणं इंग्रजी संवाद पडद्यावर वाचल्यासारखं सपाट आहे. रायाजी पन्नाशी उलटलेला शिपाईगडी, नायिका पंचविशीची. सुरुवातीला तो तिला 'वैद्यबाई, तुम्ही' म्हणेल, नोकरीत मुरलेल्या माणसासारखं. कधीतरी नकळत 'अगं पोरी' निघून जाईल. खेळाडूनं त्याला दुखावलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा 'वैद्यबाई, तुम्ही'. आवडलं-नावडलंची पाटी लावायची गरजच उरत नाही. मराठी माणसाच्या कानाला हे लगेच कळतं. तसंच 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही शिपाई माणसं' म्हणणारा रायाजी ज्या दिवशी 'आपण पुढच्या नाक्यावर थांबू' म्हणतो, त्या दिवशी तो पार्टीत आला. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडच्या लेखकांना जे तीन वाक्यांत सांगावं लागतं ते तुमच्याकडे एका सर्वनामात आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रियापद. रायाजीच्या सध्याच्या संवादात तो पहिल्या भेटीतच म्हणतो, 'मी ते गाव जाळलं.' हे वाक्य त्याला इतक्या लवकर बोलता येणार नाही. विचारलं तर तो म्हणेल, 'ते गाव जळालं.' जसं काही आपोआप, वणव्यानं. पुष्कळ पुढे, दारू पोटात असताना, 'आम्ही जाळलं.' पलटणीच्या आड लपून. 'जळालं'चं 'जाळलं' व्हायला त्याला अर्धा गेम लागू द्या, आणि 'आम्ही'चं 'मी' व्हायला उरलेला अर्धा. त्याची अठरा पानं या तीन वाक्यांत बसतात. मधले सगळे प्रसंग त्याला एका वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत ढकलण्यासाठी आहेत का, एवढंच तपासा; जे नसतील ते काढा.

तिसरं वाक्य त्यानं नायिकेला सांगू नये. ते त्या बाईलाच सांगावं, अंगणाच्या बाहेर उभं राहून, कुंपणापलीकडून. नायिका तेव्हा आत मुळ्या कुटत बसलेली असू दे. बटण दाबलं की बत्ता खलात पडतो, आणि त्या आवाजात बाहेरचं बोलणं बुडून जातं. स्किप करायला इथे काही ठेवू नका, पर्यायही देऊ नका, पडद्यावर संवादाची चौकटसुद्धा आणू नका. खेळाडूनं कुटणं थांबवलं तर ऐकू येईल. नाही थांबवलं, तर औषध तयार होईल आणि बाहेर येईपर्यंत बाई एकटी उंबऱ्यावर बसलेली असेल.